टाइम-लॅप्समधील काळवंडलेल्या फ्रेम : आधी निदान, मग दुरुस्ती

रायपूर : शहरातील बुढा तालाब, अर्थात विवेकानंद सरोवर, हे सूर्यास्ताच्या चित्रणासाठी मोहात पाडणारे ठिकाण आहे. तिवईवर कॅमेरा ठेवून दर 10 सेकंदांनी एक याप्रमाणे तासभर छायाचित्रे घेतली, तर 360 छायाचित्रे मिळतात. ती सेकंदाला 25 फ्रेम या वेगाने जोडल्यास 14 सेकंदांची चित्रफीत तयार होते. मात्र संगणकावर ती पाहताना पुष्कळदा निराशा पदरी येते. सरोवराच्या मध्यावरील स्वामी विवेकानंदांचा पुतळा काळ्या आकृतीसारखा दिसतो आणि अखेरच्या फ्रेम तर जवळजवळ काळ्याच असतात. ती सायंकाळ पुन्हा येणार नसते. त्यामुळे हाती असलेल्या फ्रेममधून काय वाचवता येईल, हाच प्रश्न उरतो.

फाळके यांचा वाटाणा

हे तंत्र मराठी वाचकांना परके नाही. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वीचा हा प्रयोग होता. त्या काळी फिल्म धुतल्याखेरीज चूक कळत नसे आणि कळली तरी ती सुधारण्यास फारसा वाव नसे. आज चूक लगेच दिसते व काही अंशी सुधारताही येते. मात्र त्यासाठी काळोखाचे कारण आधी ओळखावे लागते.

काळोखाचे चार प्रकार

पहिला प्रकार म्हणजे क्रमाक्रमाने वाढत जाणारा काळोख. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर हाताने ठरवून तसेच ठेवले आणि बाहेरचा प्रकाश मात्र घटत गेला, की असे होते. सूर्यास्तापूर्वीपासून रात्रीपर्यंत प्रकाश सुमारे दहा स्टॉपने उतरतो. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात घेतल्यास ही घट सुमारे हजारपट ठरते.

दुसऱ्या प्रकारात आकाश व्यवस्थित दिसते, पण जमिनीवरचे सारे काळवंडते. समोरचा सूर्य किंवा काठावरचे दिवे यांमुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि तो एक्स्पोजर कमी करतो. डीएसएलआर कॅमेरा तिवईवर असताना व्ह्यूफाइंडर उघडा राहिला, तर मागील बाजूच्या प्रकाशानेही हीच फसगत होते.

तिसऱ्या प्रकारात चित्रफीत एका ठिकाणापर्यंत ठीक असते व तेथून पुढे अंधारत जाते. दोन छायाचित्रांमध्ये 10 सेकंदांचे अंतर असेल, तर शटर त्याहून अधिक वेळ उघडे ठेवता येत नाही. आयएसओ वाढवला नसल्यास ही मर्यादा गाठल्यानंतरची प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा काळी येते.

चौथा प्रकार लुकलुकण्याचा आहे. लेन्सचे ॲपर्चर प्रत्येक वेळी नेमके तेवढेच मिटत नाही. एकेकट्या छायाचित्रात न जाणवणारा हा फरक चित्रफितीत मात्र डोळ्यांना खुपतो.

रायपूरची सायंकाळ वेगळी

वेळापत्रक ठरवताना भूगोल विसरून चालत नाही. रायपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे पावणेनऊ रेखांश आहे. घड्याळ एकच असले तरी येथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी मावळतो. सूर्यास्तानंतरचा नागरी संधिप्रकाशही येथे जेमतेम 22 ते 25 मिनिटे टिकतो. लंडनमध्ये तोच मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारासही सुमारे 33 मिनिटांचा असतो. युरोपातील मार्गदर्शिका वाचून त्याच गतीने एक्स्पोजर वाढवणाऱ्याला येथे प्रकाश हातातून निसटल्याचा अनुभव येतो.

दुरुस्तीचा क्रम

पहिला नियम असा की, दुरुस्ती एका फ्रेमची नसून संपूर्ण मालिकेची असते. प्रत्येक छायाचित्रावर स्वतंत्रपणे ‘ऑटो’ची आज्ञा दिल्यास संगणक दरवेळी वेगळा निर्णय घेतो आणि नसलेली लुकलुक निर्माण होते.

दुसरा नियम म्हणजे दुरुस्ती मूळ छायाचित्रांवर करावी, तयार चित्रफितीवर नव्हे. चित्रफीत बनताना माहिती दाबली जाते व काळ्या भागातील बारकावे आधीच नाहीसे झालेले असतात.

त्यानंतर मालिकेतील चार-पाच आधारफ्रेम निवडाव्यात. उदाहरणार्थ, सूर्यास्तापूर्वीची, सूर्यास्ताची, दिवे लागतानाची आणि अखेरची. त्यांचे एक्स्पोजर, छायाभाग व रंगसंतुलन नीट करावे आणि मधल्या फ्रेमसाठी मूल्ये टप्प्याटप्प्याने बदलत न्यावीत. लाइटरूमच्या जोडीने चालणारे एलआरटाइमलॅप्ससारखे सॉफ्टवेअर हे काम आपोआप करते. लुकलुक घालवण्याची प्रक्रिया सर्वांत शेवटी करावी. एखादीच फ्रेम पूर्ण काळी असेल, तर ती वगळून शेजारच्या दोन फ्रेमच्या मिश्रणाने जागा भरता येते.

मर्यादा कोठे येते

काळ्या भागातून काहीच निघत नाही असे नाही, पण सारे निघतेच असेही नाही. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात. त्यांतील निम्म्या, म्हणजे 8,192, सर्वांत उजळ अशा एकाच स्टॉपला मिळतात. पुढच्या प्रत्येक स्टॉपला त्याच्या निम्म्या मिळत जातात आणि आठव्या स्टॉपच्या वाट्याला अवघ्या 64 उरतात. काळोख उजळला की याच तुटपुंज्या पायऱ्या ताणल्या जातात. परिणामी दाणे, पट्टे आणि जांभळट छटा उमटतात. जेपेग फाइलमध्ये तर प्रत्येक रंगाला एकूण 256 पायऱ्याच असतात. ढोबळमानाने रॉ फाइल एक ते दोन स्टॉप निर्धास्तपणे उजळता येते. त्यापुढचे यश कॅमेऱ्यावर अवलंबून असते.

दाणे कमी करण्याचा एक उपाय टाइम-लॅप्समध्येच दडलेला आहे. शेजारच्या चार फ्रेमची सरासरी घेतल्यास असे विखुरलेले दाणे सुमारे निम्मे होतात. मात्र हलणारे ढग आणि वाहने त्यात पुसट होतात, हे ध्यानात ठेवावे.

सायंकाळ सायंकाळच राहावी

काळोख हा प्रत्येक वेळी दोष नसतो. अखेरची फ्रेम दुपारसारखी उजळ केली, तर दिवस मावळल्याची जाणीवच नाहीशी होते. एखाद्या तलावाची पातळी किंवा बांधकामाची प्रगती नोंदवण्यासाठी चित्रण केले असेल, तर मूळ छायाचित्रे न बदलता जपून ठेवणे अत्यावश्यक आहे. दुरुस्त चित्रफीत पाहण्यासाठी असते, तर मूळ मालिका पुरावा म्हणून उपयोगी पडते.

पुढील खेपेस रॉ स्वरूपात चित्रण करावे, व्ह्यूफाइंडर झाकावा, पहिल्या काही फ्रेमनंतर हिस्टोग्राम तपासावा आणि अंधार वाढत असताना तो पुन्हा पुन्हा पाहावा. सरोवराकाठी घेतलेली ही पाच मिनिटांची काळजी संगणकापुढील अनेक तासांची खटपट वाचवू शकते.