'बाटणे' आणि श्रद्धा : 'स्मृतिचित्रे'तील दैनंदिन ख्रिस्ती जीवन

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या ग्रंथाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झालेल्या दिसतात. एका रीतीने तो लहरी, उदार आणि तापट नवऱ्याबरोबर केलेल्या संसाराची खेळकर हकिकत ठरतो. दुसऱ्या रीतीने तो एका ब्राह्मण स्त्रीच्या ख्रिस्तभक्तीची साक्ष ठरतो. पहिल्या वाचनात धर्म हा संसारातील एक अडथळा होऊन बसतो, तर दुसऱ्यात संसार ही धर्माची प्रस्तावना होते. प्रस्तुत लेखकाने हा ग्रंथ पदव्युत्तर वर्गाला शिकविताना एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "लक्ष्मीबाई नेमक्या कधी ख्रिस्ती झाल्या?" परीक्षेच्या दृष्टीने उत्तर सोपे होते : १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र ग्रंथ वाचलेल्या वर्गाला त्या उत्तराने समाधान वाटले नाही, आणि ते असमाधान योग्यच होते. ग्रंथातील निर्णायक घटना बाप्तिस्म्याच्या आधीची आहे. ती प्रार्थनामंदिरात घडत नाही; तिचा संबंध अन्नपाण्याशी आहे.

हे समजण्यासाठी प्रथम एका क्रियापदाचा विचार केला पाहिजे. धर्म बदलणे या कृतीसाठी आज आपण 'धर्मांतर' हा संस्कृत घडणीचा, तटस्थ शब्द वापरतो. एकोणिसाव्या शतकातील घरांत बोलला जाणारा शब्द 'बाटणे' हा होता. घागर बाटते, अन्न बाटते, विहीर बाटते आणि माणूसही बाटतो. चारही ठिकाणी क्रियापद एकच असल्याने धर्मांतराची मराठी कल्पना किती भांड्याकुंड्यांची आहे हे उघड होते. विहिरीत पाव टाकला आणि त्या पाण्याने सारा गाव बाटला, ही पोर्तुगीज अमदानीविषयीची लोककथा वसई आणि गोमंतक या दोन्ही भागांत ऐकावयास मिळते. तिच्या ऐतिहासिक खरेपणाचा येथे प्रश्न नाही. कथेतील लोकांनी कोणते मत स्वीकारले, हे कथा सांगतच नाही. स्पर्श झाला एवढेच तिला पुरते. 'बाटणे' या शब्दात श्रद्धेला जागा नाही. तो माणसाच्या बाबतीत काही तरी घडल्याचे सांगतो. माणसाने काही केल्याचे सांगत नाही. 'बाटगा' या नामात तुच्छतेची भर पडते, आणि 'बाटग्याची बांग मोठी' ही म्हण नव्या श्रद्धेवर प्रदर्शनाचा आरोप करून मोकळी होते.

या शब्दाला उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी केला. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र प्रामुख्याने विचारांची वाटचाल सांगते : वाचलेली पुस्तके, ऐकलेली व्याख्याने, झालेले वाद, मनात उठलेल्या शंका. मी बाटलो नाही, मी विचारपूर्वक पटवून घेतले, असा त्याचा एकूण सूर आहे. बाबा पदमनजी काही काळ परमहंस सभेतही होते. या गुप्त सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. पुढे सभेची कागदपत्रे चोरीस गेली आणि नावे उघड होण्याच्या भीतीने १८६० साली सभा विस्कटली. सुशिक्षित तरुण बंद दाराआड पाव खातात आणि घरी परतून आपापल्या पंक्तीला बसतात, या दृश्याकडे आज आपण थोड्या उपहासाने पाहतो. परंतु त्यांची अडचण खरी होती. विचार बदलणे त्यांना जमले होते. घरातला पाट, ताट आणि पाण्याचा तांब्या बदलणे जमले नव्हते. पुरुषाला हा प्रश्न घराबाहेर सोडविता येत होता. स्वयंपाक जिच्या हाती, त्या स्त्रीला तशी सोय नव्हती.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यात झाला. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने अक्षरशः पछाडले. बाहेरून येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावयाचा, अगदी मीठसाखरेपर्यंत. मीठ धुतल्यावर उरणार किती, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उठतो. हा भाग विनोदी म्हणून नेहमी उद्धृत होतो, आणि तो विनोदी आहेच. परंतु त्याचे रचनेतील स्थान पाहावे. ग्रंथाच्या आरंभीच लेखिकेने सोवळ्याचे टोक दाखविले आहे, आणि त्याच्या मुळाशी धर्मश्रद्धेपेक्षा भय आहे हेही दाखविले आहे. पुढे जे घडते त्याची ही पूर्वपीठिका होय.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांची वाट काहीशी बाबा पदमनजींसारखी, म्हणजे ग्रंथांची आणि चिंतनाची. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाचा मनावर झालेला परिणाम हा भाग सर्वपरिचित आहे. पत्नीला या निर्णयाची पूर्वकल्पना त्यांनी दिली नव्हती. त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आश्रयाने काढली. त्या अवस्थेला धड नाव नव्हते; नवरा जिवंत आणि संसार संपलेला. टिळकांची श्रद्धा कितीही निर्मळ असो, तिचे पहिले मोल दुसऱ्याच व्यक्तीने मोजले, ही गोष्ट चरित्रकारांनी फारशी बोलून दाखविलेली नाही. लक्ष्मीबाईंनी ती दाखविली आहे, आणि तीही तक्रारीचा सूर न लावता. पतिवियोगाच्या दुःखात त्यांनी त्या काळात कविता रचल्या. पुढच्या लेखिकेची पहिली उमेदवारी येथे झाली असे म्हणावयास हरकत नाही.

अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्या टिळकांकडे परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे वेगळे ठेवले, पाणी वेगळे ठेवले. टिळकांनीही धर्माच्या बाबतीत त्यांच्यावर बळजबरी केली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. एका छताखाली दोन पाण्यांची ही व्यवस्था काही काळ चालली. ग्रंथातील हा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे, कारण येथे उपदेश करणारे कोणी नाही. ख्रिस्ती मंडळी येतात-जातात, आजारपणे होतात, मुले खेळतात, आणि त्या वावरातून एक प्रश्न लेखिकेच्या मनात तयार होतो : जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवितात. प्रश्न तात्त्विक असला तरी उत्तराची सिद्धता ओठांना लावलेल्या पाण्याने होते. ख्रिस्ताविषयीची श्रद्धा स्पष्ट रूप घेते ती त्यानंतर, आणि बाप्तिस्मा त्याहून नंतर. प्रचलित क्रम येथे उलटला आहे. 'बाटणे' हे क्रियापद सांगते की आधी स्पर्श होतो आणि मग धर्म जातो. लक्ष्मीबाई स्पर्श स्वतः निवडतात, आणि त्या निवडीतून त्यांना धर्म सापडतो. ज्या कृतीला समाज भ्रष्ट होणे म्हणत होता तीच त्यांच्या लेखी आचरणाची पहिली पायरी ठरली. घागर तीच राहिली. क्रियापदाचा कर्ता बदलला.

अन्न हे श्रद्धेचे माप असल्याचे एकदा मान्य केले की मात्र एक विरुद्ध उदाहरण समोर येते आणि सोपा निष्कर्ष काढता येत नाही. पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर त्यांनी शाकाहार सोडला नाही, वेश सोडला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यातील वादाचा बराच भाग कोणते सिद्धान्त मानावयाचे आणि कोणाच्या अधिकाराने, याविषयी आहे. परंतु मधूनच अन्नाचा विषय निघतो आणि सूर एकदम तीव्र होतो. रमाबाईंचा शाकाहार हा जुन्या जातीच्या अभिमानाचा अवशेष आहे, असा जेराल्डीनबाईंना संशय. रमाबाईंचे म्हणणे असे की, ख्रिस्ताचे होण्यासाठी इंग्रज होण्याची गरज नाही. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, हा त्यांचा प्रश्नही याच जातीचा.

म्हणजे एकीने ख्रिस्ती होताना अन्नाचा नियम मोडला, दुसरीने ख्रिस्ती झाल्यावर तो राखला. दोघींपैकी अधिक ख्रिस्ती कोण, हा प्रश्न निरर्थक आहे. नियमाच्या पलीकडे उभे असलेले माणूस कोण, हे पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या नियमापलीकडे त्यांच्याच घरात वावरणारा, खालचा मानला गेलेला माणूस उभा होता. नियम राखणे म्हणजे त्याला दूर ठेवणे. रमाबाईंच्या नियमापलीकडे सत्ताधारी समाजातील, प्रेमळ परंतु हुकमत गाजविणारी गुरुभगिनी होती. नियम सोडणे म्हणजे तिच्या अधिकारापुढे नमणे. एकच ताट दोन ठिकाणी दोन उलट अर्थ धारण करते. दैनंदिन आचरणातील श्रद्धेचा अभ्यास करताना केवळ काय खाल्ले, काय टाळले, याची नोंद पुरी पडत नाही ती यामुळेच.

येथे 'स्मृतिचित्रे'ची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला होता. त्यांच्या दृष्टीने पाण्याचा प्रश्न अगदीच वेगळा होता. कोणाच्या हातचे प्यावे ही त्यांची अडचण नव्हती. आपल्याला पाणी भरू दिले जाईल काय, ही होती. लक्ष्मीबाईंनी ज्यांच्या हातून पाणी घेतले त्यांना त्या क्षणी काय वाटले असेल, याचे चित्र या ग्रंथात जवळजवळ नाही. हा दोष मानावा की आत्मचरित्र या प्रकाराची स्वाभाविक सीमा मानावी, याविषयी मतभेद संभवतो. प्रस्तुत लेखकास तो दोष वाटत नाही. परंतु एका घराच्या हकिकतीवरून साऱ्या मराठी ख्रिस्ती जीवनाचे अनुमान काढण्याची आपली सवय मात्र सदोष आहे.

बाप्तिस्म्यानंतरच्या भागांत श्रद्धेची कसोटी पाण्यावरून पैशावर आणि दारावर येते. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. येणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना ठाऊक नव्हते, आणि दुष्काळाच्या दिवसांत अनाथ मुलांना त्या घरात आसरा मिळाला. टिळकांनी दिले असे आपण म्हणतो. दिल्यानंतर उरलेल्यात दोन वेळ भागविणे, आलेल्यांना वाढणे, आजाऱ्याची उसाभर करणे हे काम कोणाचे, हे ग्रंथ पानोपानी सांगतो. टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंचा काटकसरीपणा यांची जुगलबंदी विनोदाचा विषय होते खरी. परंतु देणे आणि पुरविणे या एकाच व्रताच्या दोन बाजू आहेत, आणि दुसरी बाजू सहसा प्रवचनांत येत नाही. हा विनोद निव्वळ करमणुकीचा नाही. भक्तिभावाने लिहिणाऱ्याला जे सांगता आले नसते ते सांगण्याची ती सोय आहे. पतीच्या श्रद्धेविषयी शंका न घेता त्याच्या व्यवहाराची तपासणी करणे लेखिकेला विनोदामुळे साधले आहे. ग्रंथभर त्या पतीला 'टिळक' म्हणतात, हेही येथे लक्षात घ्यावे. नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत ज्या पिढीत पक्की होती, त्या पिढीतील स्त्रीने त्याला आडनावाने, समोरच्या गृहस्थासारखे उभे केले आहे.

याच घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले. ते हिंदूच राहिले, आणि तरीही घरच्या मुलासारखे राहिले. 'स्मृतिचित्रे'तील त्यांच्याविषयीची पाने वाचताना एक गोष्ट जाणवते : मिशनच्या अहवालात ज्याची कोणत्याही रकान्यात नोंद होणार नाही असे हे आतिथ्य आहे. कोणी बाप्तिस्मा घेतला नाही, कोणी उपदेश केला नाही. एका रुसणाऱ्या, घाबरणाऱ्या, विलक्षण प्रतिभेच्या तरुणाला जेवू घातले आणि सांभाळून घेतले. टिळक मराठी अभंगाला ख्रिस्ताकडे नेत होते, तुकारामांच्या पुलावरून आपण आलो असे सांगत होते आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' उभारीत होते. या मोठ्या प्रयोगांची दखल वाङ्मयेतिहासाने योग्य प्रकारे घेतली आहे. बालकवींच्या ताटाची दखल घेण्याचे काम मात्र लक्ष्मीबाईंवर आले.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. बालपणी जिला शिक्षण मिळाले नव्हते, जिने अक्षरओळख लग्नानंतर करून घेतली, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. संसारात उरलेले पुरविण्याची सवय त्यांना होतीच. 'ख्रिस्तायन' आज फारसे वाचले जात नाही. पाठ्यपुस्तकांसाठी 'स्मृतिचित्रे'तून उतारा निवडताना बहुधा वडिलांचे सोवळे किंवा टिळकांचा विसरभोळेपणा निवडला जातो, आणि पाण्याचे प्रकरण गाळले जाते. ते गाळल्यावर उरलेला विनोद कशाला उत्तर देत होता, हे वर्गाला सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर येऊन पडते.