सुलोचनादीदी : एका कोल्हापूरकर चाहत्याची आदरांजली

चिकोडीजवळच्या खडकलाटसारख्या लहानशा गावातून येऊन कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या करड्या शिस्तीत ज्यांची कला घडली, त्या अभिनेत्री सुलोचनादीदी ४ जून २०२३ रोजी मुंबईत निवर्तल्या आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत सरकारी इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा आम्हां चाहत्यांना घरातलेच वडीलधारे माणूस गेल्याचे दुःख झाले.

गांधीहत्येनंतर उसळलेल्या १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओबरोबर भस्मसात झालेला ‘मीठभाकर’ भालजींनी जिद्दीने पुन्हा चित्रित केला, त्यातही दीदी होत्याच. ‘वहिनीच्या बांगड्या’ (१९५३) मधील त्यांची वात्सल्यमूर्ती वहिनी घरोघरी आदर्श ठरली; परंतु माझ्या मते (मतभेदास अर्थातच मुभा आहे!) त्यांच्या अभिनयाचा कळस म्हणजे ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) मधील जिजाऊ. त्या भूमिकेतील करारी शांतता पुढे कोणालाही साधली नाही.

हिंदी चित्रसृष्टीने मात्र त्यांना नायकाच्या सोशिक आईपुरतेच मर्यादित ठेवले, हा त्यांच्या गुणांचा संकोचच होय. पद्मश्री १९९९ मध्ये व महाराष्ट्रभूषण २००९ मध्ये, म्हणजे पुष्कळच विलंबाने, त्यांच्या पदरी पडले.

नव्या पिढीतील वाचकांनी निदान ‘मोलकरीण’ (१९६३) तरी अवश्य पाहावा.