पाकाची परीक्षा : पदार्थांचे वितळणे व स्फटिकीभवन



संक्रांत जवळ आली की ग्वाल्हेरच्या बाजारात गजकाचा खमंग दरवळ पसरतो आणि आपल्या मराठी घरांतून तिळगुळाचा पाक चुलीवर चढतो. पाक झाला की नाही, हे आजी तापमापकाने पाहत नसे. पाकाचा थेंब ती गार पाण्यात टाकी व घट्ट झालेली गोळी ताटलीवर आपटून ‘टण्’ असा आवाज येतो का, ते ऐके. या साध्या परीक्षेत पदार्थविज्ञानाचे एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. पदार्थाचे गुणधर्म तो कशाचा बनला आहे एवढ्यावरच ठरत नाहीत. तो कसा निवला व कोणाच्या सहवासात निवला, यांवरही ते अवलंबून असतात.

साखरेचेच पाहा. संपृक्त द्रावणात दोरा सोडून ते संथपणे निवू दिले, तर रेणू शिस्तीने रांगा धरतात व खडीसाखर तयार होते. दाट आटवलेला पाक झटकन गार केला, तर रेणूंना रांग धरण्यास अवसरच मिळत नाही. ते असतील तेथे थिजतात. ही काचसदृश, अस्फटिकी अवस्था होय. पाकात लिंबू पिळले म्हणजे काही साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते. हे परके रेणू रांगेत अडथळा आणतात, म्हणून त्या पाकात पुन्हा साखर जमत नाही.

प्लास्टिक व कृत्रिम धागे यांनाही हाच नियम लागू पडतो. मात्र त्यांचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. म्हणून त्यांना बहुवारिके म्हणतात. स्फटिक होताना या साखळ्या दोरीच्या घडीप्रमाणे मागेपुढे दुमडतात, हे अँड्र्यू केलर यांनी ब्रिस्टल येथे १९५७ साली दाखवून दिले. अशा पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या हिश्शाएवढी असते. काही साखळ्या गुंतलेल्याच राहतात. त्यामुळे बहुवारिक पूर्णतः स्फटिकमय होत नाही. पॉलिएस्टरचा रस झटकन निवविला तर तो पारदर्शक राहतो. सावकाश निवविला तर दुधाळ होतो.

आता मिश्रणांकडे वळू. १९४७ साली याच नगरीत स्थापन झालेल्या ग्वाल्हेर रेयॉन कंपनीच्या सूटिंगमुळे पॉलिएस्टर-व्हिस्कोस कापड घरोघरी परिचित झाले. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. व्हिस्कोस वितळतच नाही, ते करपते. ही दोन द्रव्ये रसरूपाने एकत्र करणे शक्य नाही. म्हणून त्यांचे तंतू एकत्र कातून सूत काढतात.

जी दोन्ही वितळतात, तीदेखील एकजीव होतीलच असे नाही. दुधाच्या पिशवीचे पॉलिथीन सुमारे ११० ते १३० अंशांना वितळते, तर डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना. दोहोंचा रस ढवळून निवविला तरी प्रत्येकाचे स्फटिक निराळेच बनतात आणि सांध्याशी वस्तू तडकते. पुन्हा तापविल्यास दोन वेगळे द्रवणांक दिसतात, जणू ती कधी मिसळलीच नव्हती. पॉलिएस्टरच्या बाटल्यांत थोडे जरी पीव्हीसी मिसळले, तरी ते त्या उष्णतेत विघटन पावते, आम्ल सोडते व सगळा माल पिवळा पाडते. दोन्ही बाजूंना धरून ठेवणाऱ्या दुवा-साखळ्या शास्त्रज्ञांनी घडविल्या आहेत. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन यांना जोडणाऱ्या अशा साखळ्यांचे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. तथापि प्रत्येक जोडीला स्वतंत्र दुवा लागतो, आणि कचऱ्याच्या ढिगात जोड्या असंख्य असतात.

म्हणूनच बाटली, पिशवी व डबा घरीच वेगळे ठेवणे ही केवळ स्वच्छतेची शिस्त नव्हे. एकदा एकत्र वितळलेले प्लास्टिक पुन्हा निवडता येत नाही. निवडण्याची वेळ असते ती भट्टीपूर्वी. पाक बिघडू नये म्हणून आजी जी दक्षता घेई, तीच येथे आपल्याकडून अपेक्षित आहे.