अग्रलेखांतून इंग्रजी शब्दसंपत्ती : डहाणू-तलासरीतील विद्यार्थ्यांसाठी काही विचार

पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पुष्कळ मुलांच्या बाबतीत इंग्रजी ही दुसरी नव्हे, तर तिसरी किंवा चौथी भाषा असते. घरात वारली बोली, शाळेत प्रमाण मराठी, सीमेपलीकडच्या बाजारात गुजराती, आणि त्यानंतर इंग्रजी. महाविद्यालयात अथवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत या विद्यार्थ्याला पहिला सल्ला मिळतो तो इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज वाचण्याचा. सल्ला योग्य आहे. परंतु तो कसा वाचावा, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे चार दिवस शब्दकोश चाळून पाचव्या दिवशी वर्तमानपत्र बाजूला पडते.

प्रारंभासाठी एकच विषय निवडावा आणि त्यावरील अग्रलेख लागोपाठ वाचावेत, म्हणजे तेच ते शब्द पुनःपुन्हा भेटतात. राजकीय आणि सामूहिक हिंसाचार हा असा एक विषय आहे. तो आल्हाददायक नाही, हे खरे. पण त्यावर लिहिताना संपादकाला प्रत्येक शब्द तोलावा लागतो, आणि म्हणूनच शब्दांमधील सूक्ष्म भेद येथे जितके स्पष्ट दिसतात तितके पर्जन्यमानावरील किंवा क्रिकेटवरील अग्रलेखात दिसत नाहीत. शिवाय या दोन तालुक्यांना हा विषय परका नाही.

१९४५ साली हा सर्व भाग ठाणे जिल्ह्यात होता आणि तलासरी परिसर उंबरगाव तालुक्यात मोडत असे. त्या वर्षी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारली शेतमजुरांची चळवळ उभी केली. वेठबिगार आणि लग्नगडी या पद्धती नष्ट व्हाव्यात व पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, अशा तिच्या मागण्या होत्या. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड हे त्यांपैकी एक. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या आपल्या ग्रंथात गोदावरीबाईंनी दिलेल्या हकिगतीनुसार, लोक तेथे जमले होते ते जमीनदारांनी पसरविलेल्या खोट्या निरोपामुळे. या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता हीच घटना इंग्रजीत सांगावयाची झाल्यास किती वेगवेगळे शब्द हाताशी आहेत ते पाहावे. तिला ‘स्ट्राइक’ म्हटले तर मजुरांनी काम थांबविले एवढेच कळते. ‘अॅजिटेशन’ म्हटले तर मागणीसाठी केलेली चळवळ, ‘अनरेस्ट’ म्हटले तर कोणी, कशासाठी याचा पत्ता न लागू देणारी अशांतता, ‘रिव्होल्ट’ म्हटले तर उठाव, आणि ‘डिस्टर्बन्स’ म्हटले तर केवळ शांततेचा भंग. माणसे तीच, दिवस तोच. संपादकाने कोणता शब्द निवडला यावरून तो कोठे उभा राहून पाहत आहे हे समजते. शब्दकोशात हे पाच शब्द जवळजवळ समानार्थी दिसतील. अग्रलेखात ते तसे नसतात.

शब्दांइतकेच लक्ष वाक्यरचनेकडे द्यावे. ‘पोलिसांनी गोळीबार केला’ आणि ‘गोळीबार करण्यात आला’ या दोन वाक्यांतील फरक मराठी वाचकाला सहज कळतो. इंग्रजी कर्मणी प्रयोगातही कर्ता असाच नाहीसा होतो. ‘फायरिंग वॉज रिसॉर्टेड टू’ ही जुन्या सरकारी पत्रकांतील ठरीव रचना. ‘रिसॉर्ट’ या क्रियापदामुळे गोळीबार हा नाइलाजाने योजलेला अखेरचा उपाय होता, असेही न बोलता सुचविले जाते. अशा वाक्यापाशी थांबून विद्यार्थ्याने वहीत एक प्रश्न लिहावा : कोणी? उत्तर अग्रलेखात सापडले नाही, तर तीही नोंद करावी.

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि फसवितात. महामार्गावरील चारोटीचा टोलनाका या भागातील प्रत्येकाने पाहिलेला असतो. परंतु ‘डेथ टोल’ म्हणजे मृतांची संख्या. टोल म्हणजे द्यावा लागणारा कर. त्यावरून आपत्तीने माणसांची जी किंमत वसूल केली तिलाही इंग्रजी भाषा टोल म्हणते. ‘चार्ज’ हा तर बहुरूपीच आहे. लाठीचार्जमध्ये तो हल्ला असतो, चार्जशीटमध्ये आरोप, कार्यालयातील इन्चार्जमध्ये जबाबदारी, आणि मोबाइलच्या बाबतीत वीज भरणे. असा शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यासह उतरवून घ्यावा. ‘कन्डेम’ आणि ‘कन्डोन’ या जोडीपासून तर विशेष सावध राहावे. पहिल्याचा अर्थ निषेध करणे, दुसऱ्याचा दोषाकडे काणाडोळा करणे. अक्षरांच्या गोंधळाने उत्तरपत्रिकेत हिंसेची पाठराखण होऊन बसते.

उलट काही शब्द आपल्याच घरचे आहेत. ‘लूट’, ‘ठग’ आणि ‘डकॉइट’ हे इंग्रजीने हिंदुस्थानातून नेले. ‘लाठी’, ‘बंद’, ‘घेराव’ भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत सर्रास छापले जातात. सर्वांत लक्षणीय उदाहरण राज्यघटनेतील आहे. सक्तीच्या मजुरीस मनाई करणाऱ्या तेविसाव्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरात ‘बेगार’ हाच शब्द ठेवलेला आहे. आपल्या वेठबिगार या जोडशब्दातील ‘वेठ’ संस्कृत विष्टीपासून आली आणि ‘बिगार’ फारसीतून. तलासरीच्या मुलाला हा अनुच्छेद इंग्रजीत वाचताना निदान एका शब्दासाठी कोश उघडावा लागणार नाही. त्याच्या पणजोबांना त्या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमात मात्र ‘बॉन्डेड लेबर’ हा शब्दप्रयोग आला. त्यातील ‘बॉन्ड’ म्हणजे बंधन आणि करारपत्रही. कर्जाने बांधलेल्या माणसाच्या संदर्भात दोन्ही अर्थ लागू पडतात.

अलीकडची घटनाही टाळता येणार नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा त्या सुमारास परिसरात पसरल्या होत्या. देशभरातील इंग्रजी पत्रांत त्यावर अग्रलेख आले आणि ‘मॉब’, ‘लिंचिंग’, ‘रूमर’, ‘व्हिजिलान्टे’ हे शब्द या तालुक्याच्या नावाशी जोडले गेले. ‘मॉब’ हे चंचल लोकसमुदाय अशा अर्थाच्या एका लॅटिन शब्दप्रयोगाचे संक्षिप्त रूप होय. ‘क्राउड’ म्हणजे नुसती गर्दी, तिच्यात दोष नाही. ‘लिंच’ हे अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातील एका आडनावावरून आलेले क्रियापद असून न्यायालयाला डावलून जमावाने दिलेला मृत्युदंड हा त्याचा आशय आहे. कायद्याची भाषा याहून कोरडी आणि नेमकी असते. पाच किंवा अधिक व्यक्ती बेकायदेशीर समान उद्देशाने एकत्र आल्यास ‘अनलॉफुल असेंब्ली’, आणि त्या उद्देशासाठी बळाचा वापर झाल्यास ‘रायटिंग’ म्हणजे दंगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. मात्र ‘लिंचिंग’ हा शब्द तिच्या मजकुरात नाही. अग्रलेखातील शब्द आणि कलमातील शब्द एकच समजून उत्तर लिहिणारे उमेदवार येथेच गुण गमावतात.

‘अलेज्ड’ या विशेषणाकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात. मराठीत आपण ‘कथित’ म्हणतो. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत आरोपी हा आरोपीच असतो, एवढे मोठे तत्त्व त्या एका शब्दात सामावलेले आहे. ‘इम्प्युनिटी’ला मात्र एकशब्दी मराठी प्रतिशब्द सापडत नाही, काहीही केले तरी शिक्षा होणार नाही अशी निर्धास्तता, असे चार-सहा शब्द खर्च करावे लागतात. ते करावेत. ओढूनताणून बनविलेल्या प्रतिशब्दापेक्षा साधे स्पष्टीकरण लक्षात राहते.

वाचनाची रीत सोपी ठेवावी. आठवड्यास एक अग्रलेख पुरे. पहिले वाचन कोशाशिवाय, केवळ मत कोणते आहे हे कळण्यासाठी; दुसऱ्या वाचनात अडलेल्या शब्दांपैकी ज्यांच्यावाचून अर्थ लागत नाही असे आठ-दहाच निवडावेत. वहीत इंग्रजी शब्द, त्याचा सोबती शब्द, मराठी अर्थ आणि शक्य तेथे घरच्या बोलीतील शब्द असे रकाने पाडावेत. शेवटचा रकाना भरण्यासाठी आजी-आजोबांना विचारावे लागेल. १९४५ ची आठवण ज्या घरांत सांगितली जाते तेथे ‘एक्स्टर्नमेंट’ म्हणजे हद्दपारी हे शिकविण्यास परुळेकर दांपत्यावर बजावलेल्या हुकमाचे उदाहरण पुरते.

शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. गडचिंचलेसारखा विषय वर्गात घेताना गावाचे नाव शब्दार्थापुरतेच यावे. त्या पंचक्रोशीतील मुले वर्गात असतात आणि कोणाच्या घरावर काय गुदरले याची शिक्षकास कल्पना असतेच असे नाही. अशा वेळी परगावच्या, परदेशाच्या घटनेवरील अग्रलेख घेऊन तेच शब्द शिकविता येतात. जुना अंक असला तरी हरकत नाही. ग्रंथालयातील वर्षापूर्वीच्या गठ्ठ्यातून दोन वेगवेगळ्या पत्रांचे एकाच दिवसाचे अग्रलेख काढून द्यावेत, आणि एकाने ‘प्रोटेस्टर’ म्हटले तेथे दुसऱ्याने ‘मॉब’ म्हटले आहे काय, एवढे मुलांना शोधावयास सांगावे.