डाव नाही, चेंडू मोजा

अविनाश साबळेची गुणवत्ता ओळखायला घड्याळ पुरलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला आणि ८ मिनिटं २९.८० सेकंदांत आला. गोपाल सैनींचा १९८१ पासून टिकून असलेला राष्ट्रीय विक्रम तिथे संपला. तो चांगला धावतो की नाही, यावर निवड समितीत वाद घालायला जागाच उरली नाही. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांची वेळ दिली, तेव्हाही बोलायचं काम घड्याळानेच केलं. धावण्यात एका शर्यतीतूनही माणसाची कुवत बरीचशी उघडी पडते, कारण सात-आठ मिनिटं नशिबाच्या जोरावर कोणी पळू शकत नाही.

काही कौशल्यांचं मात्र असं नसतं. बास्केटबॉलमध्ये दुरून टाकलेला चेंडू जाळीत पडतो किंवा पडत नाही. फलंदाजाच्या बॅटची कड लागते, झेल बसतो किंवा सुटतो. इथे एका प्रयत्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येतं, आणि त्या उत्तरात दैवाचा वाटा मोठा असतो. अशा कौशल्याचं मोल व्यावसायिक संघांना लिलावाच्या किंवा ड्राफ्टच्या आधी ठरवावं लागतं. पारख चुकली तर संघाचे पैसे जातात, आणि मुलाच्या आयुष्यातली दोन-तीन मोलाची वर्षं जातात. बीड जिल्ह्याला हा प्रश्न फार जवळचा आहे.

अंबाजोगाईच्या दिग्विजय देशमुखचं उदाहरण घ्या. २०१३ साली आलेल्या ‘काय पो छे’ या चित्रपटातला छोटा अली म्हणजे दिग्विजय. गल्लीतल्या एका पोराची फलंदाजी पाहून प्रशिक्षक त्याला घडवायला घेतो, अशी ती गोष्ट. पडद्यावरचा हा मुलगा पुढे खरोखरच महाराष्ट्राकडून खेळू लागला, मध्यमगती गोलंदाजी आणि खाली येऊन फलंदाजी करणारा खेळाडू म्हणून. १९ डिसेंबर २०१९ ला कोलकात्याच्या लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला २० लाख रुपयांना घेतलं, तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना होता. त्यात त्याने सहा बळी घेतले होते आणि ८३ धावा केल्या होत्या. त्याशिवाय टी-२० चे सात सामने आणि नऊ बळी. टी-२० मध्ये गोलंदाजाला जास्तीत जास्त २४ चेंडू मिळतात. म्हणजे सात सामन्यांत फार तर १६८. एवढ्या पुराव्यावर संघाने त्याच्यात काहीतरी पाहिलं. आयपीएलच्या २०२० च्या हंगामात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. निर्णय बरोबर होता की चूक, हे मग कोण सांगणार?

सचिन धस बीड शहराचा. वडील आरोग्य विभागात, आई पोलीस खात्यात, आणि नाव तेंडुलकरवरून ठेवलेलं. वडिलांनी साडेचार वर्षांच्या मुलाला मैदानावर नेलं. सराव अर्ध्या लांबीच्या टर्फ खेळपट्टीवर व्हायचा, आणि ती ओली ठेवायला दर दोन-तीन दिवसांनी टँकर मागवावा लागे, असं वडिलांनी वार्ताहरांना सांगितलं होतं. बीडमध्ये प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या कुणालाही खेळपट्टीला पाणी घालण्याची ती किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

२०२४ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत झालेल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात सचिनने सात डावांत ३०३ धावा केल्या. सरासरी ६०.६०, स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्यांत पाचवा. आकडा झळझळीत आहे. पण तो सुटा करून पाहू. बांगलादेशविरुद्ध नाबाद २६, आयर्लंडविरुद्ध नाबाद २१, अमेरिकेविरुद्ध २०, न्यूझीलंडविरुद्ध १५, नेपाळविरुद्ध ११६, उपांत्य सामन्यात ९६, अंतिम सामन्यात ९. तीनशे तीनपैकी दोनशे बारा धावा दोन डावांतल्या आहेत. बाकीच्या पाच डावांची सरासरी तीसच्या आसपास येते. सात डावांत तो बाद झाला पाच वेळा. एखादा सुटलेला झेल बसला असता तर सरासरी साडेपन्नासच्या घरात आली असती; बसलेला एक सुटला असता तर पंचाहत्तरच्या पुढे गेली असती. मुलगा तोच, बॅट तीच, आणि आकड्यात पंचवीस धावांचं अंतर. मृगाच्या पहिल्या सरीवरून खरिपाचा हिशोब मांडण्यासारखं हे आहे. बीडचा शेतकरी असला हिशोब मांडत नाही.

मग पारख करायची कशावर? या प्रश्नावर सर्वात जास्त घाम गाळला आहे तो अमेरिकेतल्या बास्केटबॉलने. तिथे दरवर्षी कॉलेजमधून निघालेली मुलं एनबीएच्या ड्राफ्टमध्ये उतरतात आणि संघ क्रमाक्रमाने त्यांना निवडतात. गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा, खेळ रचणारा खेळाडू. त्याला दुरून नेम साधता आला नाही तर बचाव करणारे त्याला मोकळा सोडून बाकीच्यांवर गर्दी करतात आणि सगळी रचना गुदमरते. म्हणून गार्डचं शूटिंग हा ड्राफ्टमधला कळीचा प्रश्न.

कॉलेजचा गार्ड एका हंगामात तीन गुणांचे साधारण दोनशे फटके मारतो. समजा त्याची खरी कुवत शंभरात सदतीस आहे. निव्वळ संभाव्यतेच्या गणिताने त्याचा हंगामाचा आकडा तीसपासून चव्वेचाळीसपर्यंत कुठेही पडू शकतो, आणि त्यात त्याच्या हाताचा काही दोष किंवा गुण नसतो. शंभरात तीस म्हणजे एनबीएत अडचण. चव्वेचाळीस म्हणजे हिरा. हा गोंधळ निम्म्यावर आणायचा तर चौपट फटके पाहिजेत, म्हणजे चार हंगाम. आणि ज्यांच्यावर सगळ्यांचा डोळा असतो ती मुलं एका हंगामातच कॉलेज सोडतात.

२०१७ चा ड्राफ्ट या बाबतीत फार शिकवून जातो. पहिल्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झला घेतलं, दुसऱ्यावर लॉस एंजेलिस लेकर्सने लोन्झो बॉलला. दोघेही गार्ड, दोघांचाही कॉलेजचा एकच हंगाम. तीन गुणांच्या फटक्यांत फुल्ट्झचं यश ४१.३ टक्के आणि बॉलचं ४१.२ टक्के, म्हणजे १९४ पैकी ८०. पण फ्री थ्रोमध्ये फुल्ट्झ ६४.९ टक्क्यांवर होता आणि बॉल ६७.३ टक्क्यांवर, ९८ पैकी ६६.

फ्री थ्रो म्हणजे सुमारे साडेचार मीटरवरून, अंगावर कोणी नसताना मारलेला फटका. अंतर तेच, रिंग तीच. बचाव नाही, घाई नाही. म्हणूनच हाताची मूळ सवय तिथे स्वच्छ दिसते. त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तीन गुणांच्या फटक्यात नियमित खेळाडूंमधला चांगल्या-वाईटाचा पल्ला लहान असतो, तीस ते बेचाळीस टक्के असा काहीतरी. फ्री थ्रोमध्ये तो पन्नासपासून नव्वदपर्यंत पसरतो. त्यामुळे अठ्ठ्याण्णव फ्री थ्रोंत दैवाचा खेळ धरूनही बॉल अव्वल नेमबाज नाही एवढं खात्रीने म्हणता येत होतं. एकशे चौऱ्याण्णव दूरच्या फटक्यांवरून तो अव्वल आहे असं म्हणता येत नव्हतं.

पहिल्या हंगामात बॉलचा दूरचा नेम ३०.५ टक्क्यांवर आला आणि फ्री थ्रो ४५.१ टक्क्यांवर. कॉलेजची तीन गुणांची रेषा तेव्हा रिंगपासून ६.३२ मीटरवर होती, एनबीएची समोरून ७.२४ मीटरवर, तो जवळपास एक मीटरही त्याला नडला. फुल्ट्झचा तर फटकाच हरवला. त्याच्या बाबतीत मात्र सगळं खापर फ्री थ्रोच्या आकड्यावर फोडणं अन्याय होईल, कारण डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या खांद्याजवळ नसा दाबल्या जात असल्याचं निदान झालं.

बॉलची गोष्ट तिथे थांबत नाही. तो उजव्या हाताचा असूनही चेंडू डोक्याच्या डाव्या बाजूला नेऊन तिथून फेकायचा. ड्राफ्टच्या आधी पारख्यांनी हे पाहिलं होतं, बोलूनही दाखवलं होतं. न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर त्याने ही सवय मोडून फटका नव्याने बसवला. २०२०-२१ च्या हंगामात त्याचे फ्री थ्रो ७८.१ टक्के झाले आणि दूरचे फटके ३७.८ टक्के. उलट दिशेचं उदाहरण कवाय लेनर्डचं. तो गार्ड नव्हता, पण कॉलेजच्या शेवटच्या हंगामात त्याचा दूरचा नेम जेमतेम २९ टक्के आणि फ्री थ्रो ७६ टक्के होते. २०११ मध्ये पंधराव्या क्रमांकापर्यंत तो उरला. सॅन अँटोनिओने त्याचा फटका थोडा दुरुस्त केला आणि पहिल्याच हंगामात तो ३७.६ टक्क्यांवर गेला. दूरच्या फटक्यांचा आकडा दोघांच्याही बाबतीत फसवा निघाला, फ्री थ्रोचा आकडा आणि हाताची ठेवण जास्त खरं बोलत होती.

आता पुन्हा सचिनकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला येऊ. ६ फेब्रुवारी २०२४, उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांचा पाठलाग करताना भारत ४ बाद ३२. सचिन आला आणि उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली. ९५ चेंडूंत ९६. भारत दोन गडी आणि सात चेंडू राखून जिंकला. शतक हुकलं याची हळहळ सगळ्यांनी केली, पण पारख करणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. षटकारांसाठी ओळखला जाणारा हा मुलगा, आयर्लंडविरुद्ध नऊ चेंडूंत नाबाद २१ करणारा; या डावात त्याने अकरा चौकार मारले आणि षटकार फक्त एक. जवळपास निम्म्या धावा पळून काढल्या. ताकद ताब्यात ठेवायची समज त्याच्याकडे आहे हे दिसलं. समोर क्वेना मफाका होता, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू, जो सात आठवड्यांनी मुंबई इंडियन्सकडून आयपीएल खेळला. तोच मफाका हैदराबादला पहिल्या सामन्यात चार षटकांत ६६ धावा देऊन गेला, हेही विसरू नये. वयोगटाच्या क्रिकेटमधून मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये जाताना रेषा अशीच मीटरभर मागे सरकते.

क्रिकेटला फ्री थ्रो नाही. पण फ्री थ्रोचं काम करणाऱ्या गोष्टी शोधता येतात, त्यासाठी मोजायचं माप बदलावं लागतं. सात डाव हा पुरावा तुटपुंजा आहे. त्या सात डावांत सचिन सुमारे २६० चेंडू खेळला, तो पुरावा बराच भरीव आहे. प्रत्येक चेंडूला विचारता येतं: मारायचा तिथे लागला का? कड घेतली, हुकला, की बॅटच्या मध्यावर आला? समजा शंभरात पंधरा चेंडू फलंदाजाच्या हातून निसटतात. २६० चेंडूंत त्या आकड्याची चूक चार-साडेचार इतकीच राहते. पाच वेळा बाद होण्यावर उभ्या असलेल्या सरासरीपेक्षा हा आधार कितीतरी पक्का. वेगवान आणि फिरकी वेगळे करा, पहिले दहा चेंडू वेगळे काढा, निर्धाव किती गेले ते लिहा. लिलावाच्या टेबलावर बसणारे संघ आज असंच पाहतात.

आणि इथेच बीडच्या मुलाची खरी अडचण आहे. पुण्यातला त्याच्या वयाचा मुलगा क्लबकडून, शाळेकडून, निमंत्रितांच्या स्पर्धांतून हंगामभर टर्फवर खेळतो. बीडहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. रेल्वे बीडला पोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. निवड चाचणीला यायचं तर पहाटेची एसटी, आणि जाळीत दहा-बारा चेंडू. त्यात आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. क्रिकेटचे महिने नेमके तेच. ज्याला सामनेच कमी मिळतात त्याचा आकडा सर्वात जास्त हेलकावतो. एक वाईट दिवस पुण्याच्या मुलाला बाजूला सारत नाही, बीडच्या मुलाला सारतो. त्याची गुणवत्ता कमी असते म्हणून नाही, त्याच्याबद्दल कोणाला पुरेसं माहीत नसतं म्हणून.

यावर पहिला उपाय अर्थातच जास्त सामने आणि पूर्ण लांबीच्या खेळपट्ट्या. त्यासाठी झगडलंच पाहिजे. पण जे सामने आज होतात, त्यांची नोंद तरी चेंडूगणिक व्हावी. टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धांतसुद्धा मोबाइलवर धावफलक भरणारी पोरं गावोगाव आहेत. अंबाजोगाई, माजलगाव, परळी, गेवराई इथल्या शालेय आणि तालुका सामन्यांना त्यांना बसवावं. धावांच्या शेजारी एक रकाना जास्त ठेवावा: चेंडू बॅटला नीट लागला की निसटला. जमलं तर खेळपट्टी कोणती होती, मॅटिंग, सिमेंट की टर्फ, तेही लिहावं, कारण तीच इथली सरकणारी रेषा आहे. चौदाव्या वर्षापासून असा कागद ठेवला तर अठराव्या वर्षी निवड चाचणीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत जाळीतल्या दहा चेंडूंखेरीज दोन-तीन हजार चेंडूंचा पुरावा असेल, आणि निवड समितीला तो वाचून दाखवायची मागणी त्याच्या प्रशिक्षकाला करता येईल.