बुद्ध्यंक ८५ म्हणजे शंभरपैकी ८५ नव्हे

चाचणीचा अहवाल हातात पडला की पालक आधी आकडा शोधतात. बुद्ध्यंक ८५ दिसला की एखादे बाबा खूश होतात, ‘डिस्टिंक्शन आहे की!’ पण हे मार्क नव्हेत. वेक्स्लर यांच्या बुद्धिमापन चाचण्यांत त्या त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेलं असतं. त्या हिशेबाने ८५च्या खाली साधारण १६ टक्के मुलं असतात. मूल समवयस्कांच्या रांगेत कुठे उभं आहे, एवढंच हा आकडा सांगतो.

रांग कोणाची? ज्या मुलांना चाचणी देऊन मानकं ठरवली, त्यांची. म्हणूनच ‘परदेशी चाचणी मराठीत आणली की झालं’ हे खरं नाही. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडीत आणली, ती इथल्या मुलांवर तपासून. त्यांचं पुस्तक १९४०चं. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरची बालचाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांच्या विकासाची मानकं तयार केली. कामं मोठीच. पण एकदा ठरलेली मानकं कायमची, असंही कोणी समजू नये. ती शिळी होतात. १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचा बुद्ध्यंक जवळपास १४ अंकांनी चढल्याचं जेम्स फ्लिन यांनी १९८४मध्ये दाखवलं. अशी चढण पुढे अनेक देशांत दिसली. जुन्या मानकांवर मोजलेलं मूल आहे त्याहून हुशार दिसतं आणि ज्याला मदत हवी तेच कागदावर ‘ठीक’ ठरतं.

अहवालात ‘विश्वसनीयता ०.९१’ वाचून ९१ टक्के अचूक समजू नका. पुन्हा मोजलं तर गुण कितपत तेवढेच येतील, हे विश्वसनीयता सांगते. ती ०.९१ आणि विचलन १५ असताना मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ येते. म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन त्रुटी धरून ८५ हा आकडा ढोबळमानाने ७६ ते ९४ असा वाचायचा. मग ६९ आणि ७१ मिळालेल्या दोन मुलांमध्ये खरा फरक तो काय? तरी सवलतीची रेघ ७०वर मारली, की एक मूल आत आणि दुसरं बाहेर. आकड्याभोवतीचा असा पल्ला अहवालात छापलेला नसेल तर मागून घ्या.

यथार्थतेबद्दलचा, म्हणजे चाचणी जे मोजायचं तेच मोजते का याबद्दलचा, समज सगळ्यात हट्टी: चाचणी ‘चांगली’ असली की कुठेही चालते. घरी पावरी बोलणाऱ्या नंदुरबारच्या मुलीला प्रमाण मराठीतल्या शब्दांचे अर्थ विचारा. दहादा विचारलं तरी गुण तेवढेच येतील. पण मोजलं जाईल तिचं मराठी. बाळांच्या चाचण्यांचंही असंच. पहिल्या वर्षातल्या गुणांवरून शाळकरी वयातल्या बुद्धीचा अंदाज फारच कच्चा निघतो. बाळ मान धरतं का, खुळखुळ्याच्या आवाजाकडे वळतं का, हे त्यांतून कळतं, आणि उशीर वेळीच पकडायला तेवढं लागतंच.