चारुदत्त आणि सुधाकर : नाट्यातील पौरुषाचा आदर्श

पुरुषाने कसे असावे, हा प्रश्न नाटकाइतका उघडपणे दुसरा कोणताही वाङ्मयप्रकार विचारीत नाही. काव्यात नायकाचे वर्णन असते; रंगभूमीवर मात्र तो देहाने उभा असतो. त्याचे धन जाते, त्याचा अपमान होतो, आणि अशा वेळी तो काय करतो हे आपण प्रत्यक्ष पाहतो. जुन्या नाटकांतील नायकांविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक असे की, ते खरे पुरुष होते आणि आजच्या नाटकात उरला आहे तो मोडलेला माणूस. दुसरे असे की, ते राजवाड्यातील शोभेचे पुतळे होते आणि आजच्या संसाराशी त्यांचा काही संबंध नाही. आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. आपल्या शास्त्रकारांनी आणि नाटककारांनी पौरुष कशास म्हटले, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

भरताने नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितले : धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. एकाचे मोठेपण उदात्ततेत, दुसऱ्याचे कलासक्तीत, तिसऱ्याचे दर्पात आणि चौथ्याचे शांतपणात. पुरुषाचा एकच साचा शास्त्राने मानला नाही, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. ब्राह्मण आणि वणिक यांनाही नायकपदाचा मान आहे. त्यासाठी हातात खड्ग असलेच पाहिजे असे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे चौघे परस्परांहून इतके भिन्न असूनही ‘धीर’ हे पद चौघांच्याही मागे लागले आहे. उद्धत नायकालासुद्धा ते सोडीत नाही. धीर म्हणजे नुसता शांत नव्हे. मन ढळावे असे कारण समोर उभे असतानाही जो ढळत नाही, तो धीर.

दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात, मुंज राजाच्या आश्रयाने, धनंजयाने ‘दशरूपक’ रचले. त्यात नायकाचे आठ सात्त्विक गुण दिले आहेत : शोभा, विलास, माधुर्य, गांभीर्य, स्थैर्य, तेज, ललित आणि औदार्य. वाचकांनी या यादीत शौर्य शोधून पाहावे. ते स्वतंत्रपणे आढळणार नाही; दक्षतेच्या जोडीने ते शोभेच्या पोटात आले आहे. ‘तेज’ म्हणजे प्राणावर बेतले तरी अपमान सहन न करणे. ‘स्थैर्य’ म्हणजे कितीही विघ्ने आली तरी आपल्या निश्चयापासून न हलणे. हे दोन गुण शेजारी शेजारी ठेवले आहेत, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. तो अर्थ पुढे स्पष्ट होईल.

आता प्रत्यक्ष नाटकांकडे वळू. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील चारुदत्त हा जन्माने ब्राह्मण, व्यवसायाने सार्थवाह, आणि नाटक सुरू होते तेव्हा दरिद्री आहे. चैन गेली याचे त्याला दुःख नाही. घरी अतिथी येईनासे झाले याचे आहे. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले अलंकार शर्विलक भिंत फोडून चोरून नेतो, तेव्हा चारुदत्ताच्या मनात येते ते हे की, बिचारा चोर आपल्या घरून रिकाम्या हाताने तरी गेला नाही! मात्र ती ठेव होती हे ध्यानी येताच तो व्याकूळ होतो. दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली, यावर जग विश्वास ठेवणार नाही. मग तो ठेवीच्या बदल्यात तिच्याहून कितीतरी मोलाची रत्नमाला पाठवून देतो, आणि अलंकार आपण जुगारात हरलो असे सांगण्यास सांगतो. शेवटच्या अंकात, ज्या शकाराने त्याच्यावर खुनाचा खोटा आळ घेऊन त्याला वधस्तंभापर्यंत नेले, तोच शकार त्याच्या पायाशी येतो. लोक त्याच्या रक्ताची मागणी करीत असता चारुदत्त त्याला अभय देतो. शकाराजवळ बळ आहे, राजाचे मेहुणेपण आहे, तोंडात मर्दुमकीची भाषा आहे. चारुदत्त संपूर्ण नाटकात एकदाही शस्त्र उचलीत नाही. तरीही पुरुष कोण, याविषयी प्रेक्षकाच्या मनात क्षणभरही शंका राहात नाही.

धीर म्हणजे न रडणे, असाही अर्थ आपल्या नाटककारांनी केला नाही. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकातील दुष्यंत पश्चात्तापाने खचला आहे. दुर्वासाच्या शापाची गोष्ट त्याला अद्याप ठाऊक नाही. म्हणून सारा दोष तो स्वतःकडेच घेतो. त्या अवस्थेत धनमित्र नावाचा सागरव्यापारी निपुत्रिक बुडाल्याची वार्ता येते. त्याचे धन नियमाप्रमाणे राजकोशात जायचे; पण त्याची एक पत्नी गर्भवती आहे असे कळताच दुष्यंत ते त्या गर्भाला देतो, आणि ज्या प्रजाजनाचा आप्त जाईल त्याचा तो आप्त मी होईन, अशी दवंडी पिटवितो. स्वतःच्या दुःखाने माणूस आत मिटून जातो. दुष्यंताच्या दुःखाचे मात्र दार बाहेर उघडते.

तथापि या आदर्शाची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. चारुदत्ताने पाठविलेली ती रत्नमाला त्याची नव्हती. त्याची पत्नी धूता हिला माहेराहून मिळालेली होती. पतीच्या मानाला धक्का लागू नये म्हणून ती व्रताचे निमित्त करून मैत्रेयाच्या हाती ती देते. नायकाचे औदार्य पत्नीच्या गळ्यातून उतरले आहे, हे शूद्रक लपवीत नाही. चारुदत्तालाही ते बोचते. भवभूती तर याहून पुढे जातो. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात वनदेवता वासंती प्रत्यक्ष रामाला विचारते की, कीर्तीसाठी तू हे केलेस, पण त्या अरण्यात तिचे काय झाले असेल? धीरोदात्तांचा मेरुमणी असलेला राम त्यावर मूर्च्छित होतो, आणि त्याला शुद्धीवर आणतो तो अदृश्य सीतेचा स्पर्श. आदर्शाला न्यायासनासमोर उभे करण्याचे धैर्य आधुनिकांनीच प्रथम दाखविले, असे म्हणणाऱ्यांनी हा अंक पुन्हा वाचावा.

मराठी रंगभूमीने हे नायक आपलेसे केले. १८८० साली किर्लोस्करांनी दुष्यंताला मराठीत गाते केले आणि त्याच परंपरेत देवलांनी चारुदत्ताला आणले. याच रंगभूमीवर पुढे १९१९ साली, राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. त्यातील सुधाकर हा आपल्या नाटकातील आधुनिक पुरुषाचा आरंभ होय, असे आमचे मत आहे.

सुधाकर बुद्धिमान आहे, स्वकष्टाने वर आलेला वकील आहे आणि मानी आहे. भर न्यायालयात झालेला अपमान त्याला सोसवत नाही. तो उलट उत्तर देतो आणि त्याची सनद काही काळ रद्द होते. येथपर्यंत धनंजयानेही त्याला नायक म्हटले असते, कारण तेज त्याच्यात पुरेपूर आहे. पण त्या अपमानाची आग विझविण्यासाठी तळीरामाने पुढे केलेला प्याला तो घेतो, आणि मग निश्चय करणे व मोडणे हेच त्याचे आयुष्य होऊन बसते. आठांपैकी एक गुण उरला, त्याच्या शेजारचा स्थैर्य हा गुण गेला. स्थैर्यावाचून तेज हे घर उजळीत नाही, घर जाळते. ‘एकच प्याला’ ही दारूची शोकांतिका म्हणून ओळखली जाते. आम्ही तिला मानी पुरुषाची शोकांतिका म्हणू. दारू हे साधन झाले. कारण अपमान पचविता न येणे हे होते.

येथे धूता आणि सिंधू यांना एकत्र पाहावे. दोघीही पतीच्या मानासाठी आपले सर्वस्व देतात. धूतेची रत्नमाला चारुदत्ताला अधिक नम्र करते. दळण दळून संसार रेटणाऱ्या सिंधूचा त्याग मात्र सुधाकराला सावरू शकत नाही. त्याग तोच, पण घेणाऱ्याच्या ठायी धीर नसेल तर तो त्याग वाया जातो. गडकऱ्यांनी सिंधूला आदर्श पत्नी म्हणून रंगविले. पण मूल गेले, ती स्वतः गेली, तेव्हा तिच्या आदर्शाविषयीही मनात प्रश्न उठल्यावाचून राहात नाही.

त्यानंतरच्या नाटकांनी हा प्रश्न अनेक रीतींनी मांडला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) मधील इंदूरचे काकाजी म्हणजे उतारवयातला धीरललितच! ते निश्चिंत, रसिक आणि मृदू आहेत. त्यांच्यासमोर आचार्यांचे कठोर व्रतस्थपण उभे केले आहे, आणि खरा धीर व्रताच्या देखाव्यात नसतो हे नाटक हसत हसत सांगते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने (१९७२) तर शकारालाच मध्यभागी आणले. सखाराम स्वतःच्या मर्दपणाचा आणि रोखठोकपणाचा गजर करतो. पण हातून खून घडताच तोच दगडासारखा थिजतो, आणि पुढे काय करायचे हे लक्ष्मी ठरविते. आवाज मोठा होता. आत धीर नव्हता.

मग जुने चांगले आणि नवे वाईट, असे म्हणावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. वासंतीने एका अंकात विचारलेला प्रश्न आधुनिक नाटकाने अवघे नाटकभर विचारला, हे त्याचे ऋण आहे. पुरुषाच्या मानाचा खर्च घरातील स्त्रीच्या नावे लिहिला जातो, हे आता कोणालाही नजरेआड करता येणार नाही. परंतु आठ गुणांतून तेवढे तेज उचलून त्यालाच पौरुष म्हणण्याची जी खोड आपल्या काळाला लागली आहे, तिच्यावर उतारा जुन्या नाटकांतच आहे. आपल्या मुलांना आपण ‘कोणाचे ऐकून घेऊ नकोस’ हे फार लवकर शिकवितो. झालेला अपमान मनात घेऊन घरी आल्यावर काय करावे, हे मात्र त्यांना कोणी शिकवीत नाही. चारुदत्ताला ते ठाऊक होते, सुधाकराला ठाऊक नव्हते. या दोघांच्या मधले अंतर प्राचीन आणि अर्वाचीन काळांचे नाही. ते एका शब्दाचे आहे, आणि तो शब्द भरताने चारही नायकांच्या नावांत आरंभीच घालून ठेवला आहे.